साखरेच्या फाईलमध्ये हिमोग्लोबिनचा कागद पण लावा: आमच्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

नमस्कार. हे पत्र कुणा एका डॉक्टरांना नाहीये. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत, एसटी स्टँडच्या मागे दवाखाना टाकून वर्षानुवर्षं आमच्या आईवडलांची शुगर बघणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहितेय कारण डायबेटीसचा पेशंट सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा तुमच्याकडेच येतो, किडनीच्या डॉक्टरांपर्यंत तो पोचतो तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आमचा झाला.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. बार्शीत राहते, घरचं कापडाचं दुकान आहे. जे लिहितेय ते दीड वर्ष आप्पांच्या फायली काखेत घेऊन फिरताना, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून, वहीत लिहून घेऊन शिकलेय. काही चुकलं तर सांगा पण पूर्ण वाचा एवढीच विनंती.

आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते, रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या काढलेला माणूस. २००५ ला शुगर निघाली तेव्हापासून गोळ्या चालू. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी, जेवणानंतरची आणि ती तीन महिन्यांची एचबीएवनसी, असं सगळं न चुकता करायचे, फाईल इतकी जाड झाली की आईने तिला जुन्या साडीच्या काठाने बांधून ठेवली. आणि त्या एवढ्या जाड फाईलमध्ये सीबीसीचा, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींच्या तपासणीचा कागद किती वेळा असेल? दोनदा. एक डेंग्यूच्या साथीत ताप आला तेव्हाचा आणि एक मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीचा. मोतीबिंदूच्या वेळचं हिमोग्लोबिन ९.८ होतं. तेव्हा एक लाल रंगाचं टॉनिक मिळालं आणि विषय तिथेच संपला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारा आकडा, १.९ असल्याचा एक कागद पण त्याच्या आधीच्या वर्षीचा सापडला, कुणीच तो पुढे नेला नव्हता. आम्ही पण नाही, ते खरंय, आम्हाला तर तो आकडा काय सांगतो तेच माहीत नव्हतं.

मग हळूहळू आप्पा दमायला लागले. आधी गच्चीवर जाणं बंद झालं, मग मंडईतून भाजी आणणं बंद झालं, मग दुपारी जेवून झोपले की दिवेलागणीलाच उठायचे. पाय सुजायचे. थंडी वाजते म्हणून मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे. दवाखान्यात सांगितलं तर "शुगरमुळे होतं असं, वय पण झालं आता", आणि आम्ही पण तेच धरून चाललो. त्यात एचबीएवनसी ६.३ आलेली, मग तर आम्ही सगळे खूष, आप्पांची शुगर कधी नव्हे एवढी कंट्रोलमध्ये आली म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली.

गेल्या वर्षी आषाढीला भगवंताच्या देवळात दर्शनाच्या रांगेत आप्पा खाली बसले ते उठेचनात. ओठ पांढरे, धाप लागलेली. एका हॉस्पिटलमध्ये नेलं, हिमोग्लोबिन ५.९, क्रिएटिनिन ४.१. रक्त कमी आहे म्हणून त्याच रात्री भराभर दोन पिशव्या चढवल्या आणि पहाटे आप्पांना श्वासच घेता येईना, छातीत पाणी झालं. किडनी लघवी नीट करत नसताना अंगात एकदम एवढं पाणी-रक्त घातलं तर ते फुप्फुसात उतरतं हे मला नंतर सोलापूरच्या किडनीच्या डॉक्टरांनी समजावलं. आप्पा वाचले, पण ती पहाट आई अजून विसरलेली नाही आणि मी पण नाही.

सोलापूरला डॉक्टरांनी पहिल्यांदा जे विचारलं ते ऐकून मी गप्प झाले. "हिमोग्लोबिन कमी आहे हे कळलं, पण का कमी आहे हे कुणी बघितलं का?"

तेव्हा कळलं की किडनी नुसती लघवी करत नाही, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं एक हार्मोन पण बनवते आणि ते हाडाच्या आतल्या मज्जेला सांगतं की रक्ताच्या लाल पेशी बनव. किडनी खराब झाली की हा निरोपच कमी जातो. आणि दुसरं म्हणजे किडनीच्या आजारात, अंगात बारीक सूज-दाह चालू असतो त्यामुळे हेप्सिडिन नावाचा पदार्थ वाढतो, तो आतड्यातून लोह आत घेऊ देत नाही आणि साठवलेलं लोह पण बाहेर काढू देत नाही. आप्पांनी हे ऐकून लगेच त्यांच्या भाषेत मांडलं, "म्हणजे कंट्रोलर गाडी सोडायची ऑर्डरच देईना, आणि टाकीत डिझेल आहे पण पंपाला कुलूप." मला इतकं नीट कुणीच समजावलं नव्हतं, डॉक्टर पण हसले आणि म्हणाले बरोबर आहे. अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला तुमच्यापर्यंत पोचवायचीच आहे, डायबेटीस असलेल्या माणसाचं रक्त इतर किडनीच्या पेशंटपेक्षा लवकर कमी व्हायला लागतं, किडनी अजून बरीच चालू असताना सुद्धा. म्हणजे क्रिएटिनिन फार वाढलेलं नाही म्हणून हिमोग्लोबिन बघायची घाई नाही, असं धरून चालत नाही.

आता ती ६.३ ची गोष्ट. एचबीएवनसी मोजतात ती लाल पेशींवर चिकटलेली साखर. किडनीच्या पेशंटच्या लाल पेशी लवकर मरतात, म्हणजे साखर चिकटायला वेळच कमी मिळतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. रक्त चढवलं किंवा रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असली तरी तसंच. उलट नुसती लोहाची कमतरता असेल तर तो आकडा खोटाच जास्त येऊ शकतो. आप्पांची बोटातून तपासलेली जेवणानंतरची शुगर तेव्हा अडीचशेच्या आसपास निघत होती आणि आम्ही ६.३ कडे बघत बसलो होतो. हिमोग्लोबिन एवढं कमी असेल तर एचबीएवनसीवर विसंबू नका, ग्लुकोमीटरच्या आकड्यांची वही ठेवायला लावा, हे एक वाक्य कुणीतरी आम्हाला सांगायला हवं होतं.

डॉक्टरसाहेब, खाण्याचं तर विचारूच नका. आपल्याकडे रक्त कमी म्हणलं की घरातलं प्रत्येक माणूस डॉक्टर होतं. गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा, बीट खा, पालक खा, डाळिंबाचा रस प्या. सांगोल्याचे आमचे पाहुणे, त्यांच्या बागेतली डाळिंबं पेटीने यायची, आणि आई रोज सकाळी पेलाभर रस काढून द्यायची, प्रेमाने, त्यात तिची काय चूक. पण आप्पांना शुगर, म्हणून गूळ-खजूर चालत नाही, खराब किडनी पोटॅशियम नीट बाहेर टाकत नाही म्हणून बीट-पालक-डाळिंबाचा मारा चालत नाही. सोलापूरला पोटॅशियम ६.१ निघालं, हृदयाचे ठोके बिघडतील एवढं, डॉक्टरांनी तिथल्या तिथे ईसीजी काढला. आणि एवढं करून हिमोग्लोबिन काही वाढलेलं नव्हतंच, कारण पंपाला कुलूप! दवाखान्याच्या भिंतीवर लावलेल्या रक्तवाढीच्या आहाराच्या तक्त्यावर गरोदर बाईचं चित्र असतं, तो तक्ता तिच्यासाठी बरोबर आहे, पण शुगर-किडनीच्या पेशंटला तोच कागद हातात देऊ नका, मनापासून सांगते.

लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. टॉनिक संपल्यावर आप्पांनी तीन महिने गोळ्या घेतल्या होत्या, सकाळी उठल्या उठल्या चहाबरोबर, वर ॲसिडिटीची गोळी, वर कॅल्शियमची गोळी. चहा, कॅल्शियम आणि ॲसिड कमी करणारी गोळी, तिन्ही लोह अंगात जाऊ देत नाहीत, हे गोळी लिहून देताना अर्ध्या मिनिटात सांगता येतं. आणि व्हिटॅमिन बी१२! आप्पा २००५ पासून मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीवर, घरात माळकरी वातावरण, अंडं सुद्धा नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, तरी इतक्या वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. तपासलं तर खूपच कमी निघालं, पायाला मुंग्या येतात त्या नुसत्या शुगरच्या नव्हत्या म्हणजे. मेटफॉर्मिन तर तिथे पहिल्याच दिवशी बंद केलं, किडनीचं काम म्हणजे जीएफआर ३० च्या खाली गेल्यावर ती गोळी द्यायचीच नसते आणि आप्पांचा १५-१६ वर आलेला.

फेरिटीनचा, म्हणजे साठवलेलं लोह दाखवणाऱ्या तपासणीचा घोळ पण सांगते कारण यात माझ्यासारखी माणसं फसतात. आप्पांचं फेरिटीन १४२ आलं, लॅबच्या कागदावर नॉर्मलच्या खान्यात. मी म्हणलं चला लोह तर भरपूर आहे. डॉक्टर म्हणाले, दाह असला की फेरिटीन उगाच फुगतं, टीसॅट बघा, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या वाहकावर प्रत्यक्षात किती टक्के लोह लादलेलं आहे ते. ते निघालं ११. किडनीच्या पेशंटला टीसॅट ३० पर्यंत आणि फेरिटीन ५०० पर्यंत असलं तरी लोह देऊन बघायला जागा असते असं २०१२ च्या केडिगो नावाच्या जगभरच्या किडनीच्या गाईडलाईनमध्ये लिहिलं होतं, लॅबच्या छापील नॉर्मलशी त्याचा संबंध नाही. मग शिरेतून आयर्न सुक्रोज नावाचं लोह दिलं, २०० मिलिग्रॅमचे पाच डोस, सलाईनमधून सावकाश, समोर नर्स बसवून. त्याच्या आधी संडासची तपासणी केली कुठून रक्त जातंय का बघायला, आणि खरंच थोडं जात होतं, कारण गुडघे दुखतात म्हणून आप्पा मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून खायचे. त्या गोळ्यांनी पोटात जखम पण होते आणि किडनी पण जाते. ड्रायव्हर माणसाचे गुडघे आणि कंबर, तीस वर्षांची सवय, कुणाला विचारायचं काय त्यात असं त्यांना वाटायचं.

रक्त चढवण्याबद्दल थोडं थांबून लिहायचंय. रक्त वाहून गेलंय, छातीत दुखतंय, धाप थांबत नाही, अशा वेळी रक्त द्यावंच लागतं, मला मान्य आहे, त्या रात्री कदाचित आप्पांना पण एक पिशवी द्यावी लागलीच असती. पण एक पिशवी देऊन, थांबून, पेशंट बघून मग दुसरी, असं करता आलं असतं. आणि याच्यात अजून एक गोष्ट आहे जी आम्हाला फॉर्मवर सही घेताना कुणी सांगितली नाही. दुसऱ्याचं रक्त घेतलं की शरीर त्याच्या विरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं, आणि मग पुढे किडनी बदलायची वेळ आली की जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. माझी आई आप्पांना किडनी द्यायला तयार आहे. ती म्हणते माझी एक घ्या, मला एक पुरते. जेव्हा तिला हे अँटीबॉडीचं कळलं तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही, आपल्याच हाताने सही केली म्हणून. तिची समजूत घालायला मला शब्द सापडेनात. म्हणून ज्याची किडनी चाललीये आणि घरात कुणी द्यायला तयार आहे त्याला रक्त लिहिताना एकदा किडनीच्या डॉक्टरांना फोन लावा, एवढी विनंती.

लोहाचा साठा भरल्यावर मग इंजेक्शन सुरू झालं, डार्बेपोएटिन, किडनीच्या त्या हार्मोनसारखंच औषध बाहेरून द्यायचं. लोह नसताना हे इंजेक्शन दिलं तर पैसे पाण्यात जातात, ऑर्डर सुटली पण डिझेल नाही. ते फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, हलवायचं नाही. सोलापूरहून बार्शीला एसटीने आणायचं म्हणजे थर्मासमध्ये बर्फाची पिशवी टाकून मांडीवर घेऊन बसायचं, मी दर वेळी तसंच आणते. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते त्यामुळे शेजारच्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये ठेवतो, तिथे इन्व्हर्टर आहे.

आणि इथे आमच्याकडून चूक होता होता राहिली. दोन महिन्यांत ९ वर आलं, आप्पांचे डोळे उघडले, भूक लागायला लागली, तर माझा भाऊ म्हणाला डोस वाढवा, १४ करा एकदाचं, नॉर्मल माणसासारखं. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं की हे करून बघितलेलं आहे. ट्रीट नावाचा मोठा अभ्यास २००९ मध्ये छापून आला, आप्पांसारखेच टाईप २ डायबेटीस, किडनीचा आजार आणि रक्त कमी असलेले ४०३८ पेशंट, त्यातल्या निम्म्यांचं हिमोग्लोबिन डार्बेपोएटिन देऊन १३ कडे न्यायचा प्रयत्न केला. मरण, हृदयाचा त्रास, किडनी, यातलं काहीच त्याने कमी झालं नाही, उलट पॅरालिसिसचा झटका जवळपास दुप्पट लोकांना आला. म्हणून आता साधारण ११.५ च्या वर ठेवत नाहीत, आणि वाढवायचं ते पण सावकाश, दर वेळी बीपी बघून, कारण या इंजेक्शनने बीपी चढतं. भाऊ गप्प बसला. गंभीर ॲनिमियात, म्हणजे रक्त फार कमी असताना, घाई दोन्हीकडून मारते, उशीर करून पण आणि एकदम वर नेऊन पण, हे मी तेव्हा शिकले. आता गोळ्या पण निघाल्यात, डेसिडुस्टॅट नावाची आपल्याकडे २०२२ पासून मिळते, अंगातलं हार्मोन वाढवणारी, फ्रीज लागत नाही म्हणून मला मोह झाला होता, पण ती पण किडनीच्या डॉक्टरांनी ठरवायची गोष्ट आहे आणि त्यांनी आप्पांसाठी इंजेक्शनच बरं म्हणून सांगितलं.

तुम्ही म्हणाल हे सगळं नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं काम, आमच्या दवाखान्यात सत्तर पेशंट बाहेर बसलेले असतात. मान्य. फेरिटीन, टीसॅट, इंजेक्शन हे तुम्ही करा असं मी म्हणतच नाहीये. मी एवढंच मागतेय की डायबेटीसच्या प्रत्येक पेशंटला वर्षातून एकदा तरी शुगरच्या त्याच सुईने काढलेल्या रक्तातून सीबीसी आणि क्रिएटिनिन करा, आणि लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन जातंय का ते बघा. आमच्या गावात सीबीसीला अडीचशे रुपये घेतात, त्या लाल टॉनिकची बाटली त्याच्यापेक्षा महाग होती. किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात असेल तर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, चौथ्या-पाचव्या टप्प्यात दोनदा, डायलिसिसवर असेल तर दर तीन महिन्यांनी, आणि एकदा कमी निघालं की अजून लवकर लवकर, हे त्याच २०१२ च्या गाईडलाईनमध्ये लिहिलेलं होतं. पुरुषाचं १३ च्या खाली आणि बाईचं १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया. ८ च्या खाली गंभीर. ९.८ ला "थोडं कमी आहे" म्हणून टॉनिक लिहिण्याऐवजी त्याच चिठ्ठीवर "किडनी दाखवा" एवढे दोन शब्द लिहिले असते तर आप्पांची दोन वर्षं वाचली असती.

मला तुमच्यावरच सगळं ढकलायचं नाहीये. सरकारचं पण बघा ना. ॲनिमियामुक्त भारत २०१८ ला सुरू झालं, त्यात लहान मुलं आहेत, किशोरवयीन मुलंमुली आहेत, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या बायका आहेत, सगळं गरजेचंच. पण चौसष्ट वर्षांचा शुगरवाला माणूस त्यात कुठेच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, पाचवी, त्यात शुगर पंधरा वर्षांच्या वरच्या सगळ्यांची मोजली, आणि हिमोग्लोबिन मात्र बायकांचं ४९ वर्षांपर्यंत आणि पुरुषांचं ५४ पर्यंतच. म्हणजे आप्पांच्या बोटाला सुई टोचली असती तरी साखर मोजून पुढे गेले असते! या वयातल्या माणसाचं रक्त कमी असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि म्हणून सगळा भार तुमच्या नजरेवर येतो. पापणी खाली ओढून बघायला तुम्हाला मशीन लागत नाही, आमचे जुने डॉक्टरकाका दर वेळी बघायचे, ते गेल्यापासून आप्पांची पापणी कुणी ओढून बघितलेली मला आठवत नाही.

पेशंटला विचारताना पण एक करा. "कसं वाटतंय" विचारलं की आमची माणसं "बरंय" म्हणतात, आप्पा तर देवळात खाली बसेपर्यंत बरंयच म्हणत होते. त्यापेक्षा विचारा, गेल्या वर्षी जी चढण चढायचात ती आता चढता का, मध्ये किती वेळा थांबता. आणि डायबेटीसवाल्याला छातीत दुखलेलं कधीकधी कळतच नाही, नुसती धाप लागते, त्यात रक्त कमी असलं की हृदयाला दुप्पट राबावं लागतं, म्हणून धाप लागते म्हणलं की ते वयावर टाकू नका. सोबत आलेल्या बाईमाणसालाही विचारा, आईला सगळं माहीत होतं, तिला कुणी विचारलं नाही आणि ती आपणहून बोलणाऱ्यातली नाही.

आप्पांचं हिमोग्लोबिन मागच्या महिन्यात १०.४ होतं. डायलिसिस अजून लागलेलं नाही, पुढेमागे लागेल असं सांगितलंय, त्याची तयारी म्हणून डाव्या हातातून रक्त काढायचं नाही, शीर जपायची, असं मोठ्या अक्षरात फाईलवर लिहून ठेवलंय, तुमच्याकडे आलो की कृपा करून उजव्या हातातूनच काढा. बी१२ चं इंजेक्शन चालू आहे. डाळिंबाची पेटी आली की आम्ही शेजारी वाटून टाकतो. संध्याकाळी आप्पा हळूहळू चालत डेपोपर्यंत जातात, जुन्या मंडळींबरोबर बाकावर बसतात, अंधार पडायच्या आत परत येतात, वाटेत एकदाच थांबतात, मारुतीच्या पारावर.

गुरुवारी आम्ही शुगरच्या तपासणीला तुमच्यातल्याच एकांकडे येतोय. साडीचा काठ सोडला की सगळ्यात वर सीबीसीचा कागद असेल, आधी तो बघा.

आपली नम्र,
एका पेशंटची मुलगी
बार्शी, जि. सोलापूर